वॉरंटी नाकारता, तर कारणही लेखी द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की आपल्या दैनिकातली पहिली बातमी वाचण्यासाठी आधी दोन पाने उलटावी लागतात, कारण त्या दोन्ही पानांवर मोटारी उभ्या असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वृत्तपत्र जाहिरातींवर चालते हे मला समजते. मात्र परवाच्या अंकात एका मोटारीच्या चित्राखाली ‘पंचवीस हजारांच्या ॲक्सेसरीज मोफत’ असे ठळक आणि त्याखाली भिंग घेऊन वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असे छापले होते. त्या न छापलेल्या अटींपैकी एकीची किंमत आमच्या घराने गेल्या वर्षी मोजली, म्हणून हे पत्र. मी निवृत्त लेखापरीक्षक आहे. यंत्रातले मला बेताचेच कळते, पण पावत्या वाचण्यात आयुष्य गेले, आणि नव्या गाडीत पैसे मोजून करून घेतलेले फेरबदल व त्यावरून नाकारली जाणारी वॉरंटी हा प्रश्न माझ्या मते यंत्राचा कमी आणि पावतीचा अधिक आहे.

माझ्या मुलीने गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला गाडी घेतली. मधले मॉडेल घेतले; त्यात मोठ्या पडद्याचा स्टीरिओ नव्हता, मागचा कॅमेरा नव्हता, धुक्याचे दिवे नव्हते. याच वस्तू कंपनीकडून बसवून आलेले वरचे मॉडेल सव्वा लाखाने महाग होते. शोरूममधील विक्रेत्याने कॅल्क्युलेटरवर आकडे मांडून दाखवले : स्टीरिओ १९,५०० रुपये, कॅमेरा ४,२०० रुपये, धुक्याचे दिवे ५,८०० रुपये आणि शिवलेली सीट कव्हरे ८,५०० रुपये, म्हणजे एकूण ३८,००० रुपयांत ‘टॉप मॉडेल’ तयार. याने वॉरंटीला बाधा येणार नाही ना, असे मी स्पष्ट विचारले होते. त्यावर तो हसून म्हणाला, “काका, आपल्याच शोरूममधून बसवून घेताय, मग वॉरंटी कुठे जाते?” हे वाक्य मी लेखी मागितले नाही. ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या दप्तरांवर ‘आधारभूत कागद जोडलेला नाही’ असे शेरे मारले, त्याच्याकडून ही चूक झाली, आणि ती मी मान्य करतो.

ऑक्टोबर महिन्यात, गाडी जेमतेम साडेनऊ हजार किलोमीटर चालली असताना, दारांची कुलुपे आपोआप उघडू-मिटू लागली. एके दिवशी काच अर्ध्यावर अडकली आणि कोरड्या उन्हात वायपर सुरू झाला. कुलुपे, काचा, वायपर, दिवे या सर्वांचा कारभार पाहणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी हल्लीच्या गाड्यांत असते. ती निकामी झाल्याचे सर्व्हिस सेंटरने सांगितले. तिची किंमत २७,४०० रुपये होती. गाडी वॉरंटीत असल्याने आम्ही निर्धास्त होतो. संध्याकाळी जॉब कार्डाची प्रत हाती आली, तेव्हा त्यावर ‘आउटसाइड फिटमेंट आढळले, वॉरंटी लागू नाही’ एवढाच शेरा होता. बाहेरची कोणती वस्तू, तिने पेटीचे नेमके काय बिघडवले आणि हे कोणत्या तपासणीवरून ठरले, याविषयी एक अक्षरही नव्हते. आमच्या खात्यात असा शेरा एखाद्या कनिष्ठाने लिहून आणला असता तर त्याला तो परत लिहायला लावला असता.

‘आउटसाइड’ या शब्दाने मात्र मी चक्रावलो. सर्व वस्तू त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, त्याच काउंटरवर पैसे भरून बसवल्या होत्या. घरी येऊन फाइल काढली आणि दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या. गाडीची पावती शोरूमच्या नावाची होती. ॲक्सेसरीजच्या पावतीवर पत्ता तोच, दूरध्वनी तोच, पण व्यापाराचे नाव वेगळे आणि जीएसटी क्रमांकही वेगळा. म्हणजे पैसे घेताना जे ‘आपलेच शोरूम’ होते, ते वॉरंटी देताना परके झाले होते. चौकशीअंती असेही कळले की वस्तू बसवणारा मुलगा त्या दोहोंपैकी कोणाचाच नोकर नव्हता; तो कंत्राटावर येतो आणि गाडीमागे मजुरी घेऊन जातो. त्या पावतीच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपल्याकडची सनातन ओळ होती आणि वॉरंटीविषयी काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनला घरी बोलावले. काहीही उघडायचे नाही, फक्त पाहायचे, असे मी त्याला बजावले होते. तो पुढच्या सीटसमोर पायांच्या जागेत उताणा झोपला, मोबाइलचा उजेड वर धरला आणि पाचच मिनिटांत मला खाली वाकायला सांगितले. एसीचे पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी तिच्या तोंडापासून निसटली होती, आणि थेंब थेंब पाणी त्या पेटीच्या कपलरवर, म्हणजे तारा पेटीला जिथे जोडल्या जातात त्या जोडावर, पडत होते. कपलरमधील पिना, देवघरातली न घासलेली पितळी समई जशी हिरवी पडते, तशा हिरव्या पडल्या होत्या. खालचा गालिचा दाबला तर बोटांना ओल लागत होती. स्टीरिओची जोडणी कपलरला कपलर जोडून केलेली होती, एकही तार कापलेली नव्हती. धुक्याच्या दिव्यांची तार मात्र ब्लेडने सोलून, वर काळी टेप गुंडाळून जोडली होती, आणि हे काम वाईट होते हे त्या कारागिरानेही लपवले नाही. पण ती जोडणी बॉनेटखाली दुसऱ्या बाजूला होती, तिला स्वतंत्र फ्यूज आणि रिले (जादा प्रवाहासाठीचा, विजेने चालणारा स्विच) होते, आणि त्या निसटलेल्या नळीशी तिचा काही संबंध नव्हता. मी सर्व छायाचित्रे काढून ठेवली.

छायाचित्रांसह तीन पत्रे आणि एक कायदेशीर नोटीस एवढ्या व्यवहारानंतर कंपनीने पेटीच्या किमतीचा निम्मा भाग, म्हणजे १३,७०० रुपये, सोसण्याची तयारी दाखवली. यासाठी त्यांच्याकडे ‘गुडविल’ असा शब्द आहे. दोष आमचा नाही, पण तुमच्यावर कृपा म्हणून निम्मे देतो, असा त्याचा अर्थ होतो. सोबत ‘माझे पूर्ण समाधान झाले आहे’ अशा मजकुराचा कागद सहीसाठी आला. गाडीविना महिनाभर रिक्षाने कामावर जाणाऱ्या मुलीने सही केली. मी तिच्या जागी असतो तर केली नसती, असे म्हणणे मला सोपे आहे.

हे सांगण्यामागचा मुद्दा एवढाच आहे की वॉरंटी नाकारण्याचा अधिकार आणि ती का नाकारली हे दाखवण्याची जबाबदारी या दोन गोष्टी एकाच हातात असल्या पाहिजेत. आज पहिली कंपनीकडे आहे आणि दुसरी आपोआप ग्राहकाच्या गळ्यात पडते. वास्तविक आपल्या देशात यासंबंधीचे तत्त्व लिहून ठेवलेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात अडीच हजार कोटींहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत केंद्रांपुरती अडवून धरल्याबद्दलचा तो खटला होता. दंडाची रक्कम अपिलात आणि न्यायालयांत अडकली, हे खरे. परंतु त्याच आदेशात आयोगाने असेही म्हटले होते की ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीवरून तसे स्पष्ट दिसत असेल तेव्हाच, ती रद्द करावी. आदेश दुरुस्तीविषयी होता, फेरबदलांविषयी नव्हता, हे मला मान्य आहे. कंपनीचा वकील हा फरक पहिल्याच मिनिटाला दाखवील. पण ‘जेवढे नुकसान, तेवढ्यापुरती माघार’ हे सूत्र धुक्याच्या दिव्याला लागू न होण्याचे तार्किक कारण मला तरी सापडत नाही.

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने तिकडच्या गाडीला बाहेरचा स्टीरिओ बसवला, तेव्हा त्याला याची माहिती झाली. केवळ दुसऱ्याचा भाग बसवला म्हणून तिथे वॉरंटी उडवता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावे लागते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले, आणि ज्या चार क्षेत्रांपासून सुरुवात केली त्यांत वाहनेही घेतली. पाऊल चांगले आहे, पण तेही दुरुस्तीच्याच वाटेने गेलेले आहे.

आता कंपन्यांची बाजू, कारण ती पूर्ण खोटी नाही आणि ती न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या शेजाऱ्यांनी हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून मूळचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब काढून १००/९० वॅटचे बसवले. दुकानदाराने तारांची स्वतंत्र जोडणी आणि रिले यांचे जादा पैसे सांगितले, तेव्हा यांनी ते वाचवले. हिशेब शाळेतला आहे. बारा व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब पाच ॲम्पिअर प्रवाह ओढतो आणि १०० वॅटचा आठाहून अधिक. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती पावणेतीनपटीच्या पुढे जाते. दोन महिन्यांत होल्डरचे प्लास्टिक वितळून बल्बच्या पायाला चिकटले, आणि दिव्यांचा स्विचही जळाला. तेथे कंपनीने वॉरंटी नाकारली, ती योग्यच नाकारली. इंजिनाच्या संगणकातील प्रणाली बदलून ताकद वाढवणाऱ्यांचेही तेच. टर्बोचा दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवल्यावर क्लच, गिअर बॉक्स आणि टर्बो यांवर जो ताण येतो तो मूळ आराखड्यात धरलेला नसतो, आणि नंतर वॉरंटी मागायला जाताना जुनी प्रणाली परत भरून ‘आम्ही काहीच केले नाही’ असे सांगणारे तरुण मी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसून स्वतः ऐकले आहेत. ही लबाडीच आहे. अशा लबाडीमुळे कंपन्या सर्वच ग्राहकांकडे संशयाने पाहू लागतात, आणि मग सीट कव्हर बदलणाराही त्याच रांगेत उभा राहतो.

सर्वांत मोठा गोंधळ सीएनजीच्या किटविषयी दिसतो, आणि पैशांची रक्कमही तिथेच मोठी आहे. कंपनीतून सीएनजी बसवून आलेली गाडी साध्या गाडीपेक्षा ऐंशी-नव्वद हजारांनी महाग पडते. बाहेर किट त्याहून बरेच स्वस्तात बसते. फरक टाकीचा किंवा नळ्यांचा तेवढा नसतो. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकीला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही, त्यामुळे ती लवकर झिजते, म्हणून कंपन्या अशा गाड्यांत अधिक कठीण धातूच्या बैठका वापरतात. बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोल इंजिनाच्या व्हॉल्व्हची तक्रार कंपनीने नाकारली तर तिला निदान कारण तरी आहे. पण त्याच गाडीच्या स्टिअरिंगचा किंवा दाराच्या काचेचा बिघाड ‘सीएनजी बाहेरून बसवला’ म्हणून नाकारणे हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो होतो. ग्राहकानेही येथे काटकसर कुठे थांबवावी हे समजून घ्यायला हवे. भरलेल्या टाकीत वायूचा दाब सुमारे दोनशे बार असतो, म्हणजे चाकातल्या हवेच्या जवळजवळ नव्वदपट. म्हणूनच किट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने त्या मॉडेलसाठी तपासलेले असावे लागते, टाकीला नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या स्फोटकविषयक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते, दर तीन वर्षांनी टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते आणि आरटीओकडून आरसीवर इंधनाची नोंद करून घ्यावी लागते. एवढे करूनही विमा कंपनीला कळवले नाही, तर अपघातानंतर तीही हात झटकू शकते. हप्ता थोडा वाढतो, पण तो वाढू द्यावा.

येथे आणखी एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. फेरबदल कायदेशीर आहे की नाही आणि त्याने वॉरंटी जाते की नाही, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि शोरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र ते एकात कालवले जातात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम अधिक स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. पण हा सरकार आणि वाहनमालक यांच्यातला व्यवहार झाला. गाडीचा रंग न कळवता बदलला म्हणून क्लच जळत नाही, आणि काचांवर काळी फिल्म लावली म्हणून एसीचा कॉम्प्रेसर बंद पडत नाही. त्यांची शिक्षा आरटीओने आणि पोलिसांनी द्यावी, सर्व्हिस सेंटरने देऊ नये. उलट एखादी वस्तू कायद्याला पूर्ण चालणारी असूनही तिच्या वाईट जोडणीमुळे वॉरंटी रास्तपणे जाऊ शकते, जशी धुक्याच्या दिव्याच्या बाबतीत जाऊ शकली असती. टायरचे उदाहरण गमतीचे आहे. १८५/६५ आर १५ मापाच्या जागी २०५/६५ आर १५ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, आणि काटा शंभर दाखवीत असताना गाडी एकशे चारने धावत असते. किलोमीटरही तेवढेच कमी नोंदले जातात, म्हणजे एक लाख किलोमीटरच्या वॉरंटीत चार हजारांची भर ग्राहकाच्या पदरी पडते. हे कोणी मुद्दाम करीत नसावे, अशी आशा आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी शोरूमना अधिक दोष देईन, कारण ग्राहकाला जे कळणे शक्य नाही ते त्यांना कळायलाच हवे. हल्लीच्या अनेक गाड्यांत पुढच्या सीटच्या कडेलाच बाजूची एअरबॅग असते. अपघातात तिला कापड फाडून बाहेर यावे लागते. त्यासाठी त्या ठिकाणी मुद्दाम नाजूक शिवण असलेली कव्हरे मिळतात, आणि ती महाग असतात. आमच्या ८,५०० रुपयांच्या कव्हरांना तशी शिवण नव्हती. हे मला सीट उसवून नव्याने शिवताना कळले, शोरूममध्ये नव्हे. गाडीपुढे लोखंडी किंवा स्टीलचा गार्ड बसवू नये, असे केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, कारण त्याने पादचाऱ्याला होणारी इजा वाढते आणि धक्का शोषून घेण्याची गाडीची रचनाही बिघडते. तरीही त्यानंतर कित्येक महिने आमच्या गावच्या रस्त्यावर, तात्पुरत्या नंबर प्लेटच्या गाड्या शोरूमच्या फाटकातूनच गार्ड लावून बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत.

आता करायचे काय? नवा कायदा हवा, असे पत्रलेखक नेहमीच म्हणतात. मी एका पावतीवर समाधान मानायला तयार आहे. जो कोणी नव्या गाडीत पैसे घेऊन काही बसवतो, मग ते शोरूम असो, पुण्याच्या नाना पेठेतील दुकान असो की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे, त्याने पावतीवर वस्तूचा निर्माता, मॉडेल क्रमांक, कोणत्या तारेला किंवा कपलरला जोडणी केली, तार कापली की नाही आणि यामुळे वाहनाच्या मूळ वॉरंटीला बाधा येते की नाही, एवढे लिहून द्यावे. शोरूमच्या आवारात बसवलेली कोणतीही वस्तू ‘बाहेरची’ ठरवण्याची मुभा शोरूमला असू नये, पावतीवर नाव कोणाचेही असो. आणि सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारताना जॉब कार्डावर तीन ओळींत बिघाड काय, तो कोणत्या फेरबदलामुळे झाला आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले, हे लिहून सही-शिक्क्यानिशी ग्राहकाला द्यावे. ज्या कंपन्या गाडीच्या एका दोषाचा संकेतांक यंत्रावर वाचून छापील कागद काढू शकतात, त्यांना तीन ओळी अवघड नाहीत.

अशी लेखी नकाराची प्रत हाती असली तर ग्राहकाचा पुढचा मार्ग बराच मोकळा होतो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आमच्या गाडीच्या किमतीला तिचे शुल्क अवघे दोनशे रुपये आहे, आणि दोष तपासणीशिवाय ठरण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन केल्यास कंपनीकडे विचारणा होते, एवढा अनुभव मी स्वतः घेतला आहे. ‘गुडविल’ची भाषा त्यानंतरच सुरू झाली. मात्र ‘कोणताही फेरबदल केल्यास संपूर्ण वॉरंटी रद्द’ ही अटच अन्याय्य करार आहे, असे म्हणायचे असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोग ते ऐकू शकत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. कऱ्हाडच्या माणसाने २७ हजारांच्या पेटीसाठी राज्य आयोगाच्या वाऱ्या कराव्यात, हे व्यवहार्य नाही, आणि कंपन्यांनाही ते पक्के ठाऊक असते. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी असे एखादे प्रकरण हाती घेऊन त्या अटीचाच एकदा निकाल लावून घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. माझी कागदपत्रे त्यासाठी केव्हाही उपलब्ध आहेत, मुलीने सही केलेल्या समाधानाच्या कागदासह.

आपल्याकडेही एक विनंती आहे. जाहिरातीत ‘ॲक्सेसरीज मोफत’ छापायचे असेल, तर त्या वस्तू कंपनीच्या वॉरंटीखाली येतात की नाही, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा.

गेल्या आठवड्यात माझा भाचा गाडी ठरवायला गेला, तेव्हा मी बरोबर होतो. या वेळी मी वाक्य घरूनच टाइप करून नेले होते : ‘वरील वस्तू आमच्याकडून बसविण्यात आल्या असून त्यामुळे वाहनाच्या मूळ वॉरंटीस बाधा येणार नाही.’ विक्रेत्याने ते वाचले, मॅनेजरला दाखवले, मॅनेजर आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, की तोंडी खात्री ते शंभर टक्के देतात, परंतु असे लिहून देण्याची त्यांच्या सिस्टीममध्ये सोय नाही. भाच्याने गाडी घेतली. ॲक्सेसरीजपैकी फक्त रबरी पायपुसणी घेतली, कारण त्यांना तार जोडावी लागत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, कऱ्हाड